सोसायटीचा रस्ता: वरून नवा थर, की जुनं डांबर खरवडून पुन्हा वापरायचं?

दिवाळी उलटली की बडोद्याच्या जुन्या सोसायट्यांच्या सभेत रस्त्याचा विषय निघतोच. कंत्राटदार बहुधा एकच कोटेशन आणतो: आहे त्या रस्त्यावर तीस-चाळीस मिलिमीटरचा नवा थर. दुसरा पर्याय विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. वरचा थर मिलिंग मशीनने खरवडून काढायचा, तो माल डांबर-खडीचं गरम मिश्रण बनवणाऱ्या प्लांटवर न्यायचा आणि नव्या मिश्रणात ठरावीक प्रमाणात घालून परत आणायचा. माझं मत आधीच सांगतो. पाया धड असेल आणि आसपास नीट प्लांट असेल, तर हा दुसरा पर्याय घ्या.

बडोद्यापुरता सगळ्यात मोठा मुद्दा उंचीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा उंबऱ्याच्या एकेका बोटाची किंमत कळली. दर वेळी चाळीस मिलिमीटर चढवले तर तीन थरांत रस्ता बारा सेंटिमीटर वर येतो. पोर्च खाली राहतो, साध्या पावसाचंही पाणी रस्त्यावरून फाटकात उतरतं, आणि ड्रेनेजची झाकणं खड्ड्यात जातात. खरवडून केलं तर चाळीस काढले, चाळीस घातले. पातळी जागच्या जागी राहते. शिवाय तडे गेलेल्या रस्त्यावर पातळ थर टाकला की खालचे तडे एक-दोन पावसाळ्यांत त्याच रेषांत वर डोकावतात. तडे वरच्याच थरात असतील तर ते मिलिंगमध्ये निघून जातात.

आता मालाकडे या. रस्त्याचा उखडलेला तुकडा हातात घेऊन मोडून बघा. वरची बाजू राखाडी आणि सुकलेली दिसते, पण मोडलेली कड अजून काळी असते आणि खडीला डांबर घट्ट धरून असतं. उन्हाने आणि हवेने डांबर कडक होतं, म्हणून तडकतं. नाहीसं होत नाही. खडी तर जवळपास तशीच राहते. सहा मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब रस्त्याचा चाळीस मिलिमीटर थर म्हणजे साधारण ११० टन माल. त्यात पाच टक्के धरलं तरी साडेपाच टन डांबर. कोयलीची रिफायनरी आपल्या दारात आहे म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप वाटत नाही, पण देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा भाग बाहेरून येतो. नव्या ११० टनांत २० टक्के जुना माल घातला, तर २२ टनांची बचत होते: सुमारे २१ टन खडी आणि एक टनाच्या आसपास डांबर. डोंगर फोडून आणायची तेवढी खडी वाचते, याचं मला मनापासून मोल वाटतं.

‘जुना माल घातला म्हणजे रस्ता कच्चा’ ही शंका सभेत येणारच, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. सगळा खेळ प्लांटवर आहे. जुना माल थेट ज्वाळेखाली गेला तर त्यातलं डांबर जळतं आणि चिमणीतून निळसर धूर निघतो. चांगल्या प्लांटमध्ये नवी खडी जास्त तापवतात आणि जुना माल ज्वाळेपासून दूर, त्या खडीच्या उष्णतेनेच गरम होतो. म्हणून प्लांट बघून या. जुन्या मालाचा ढीग शेडखाली आहे का? भिजलेला ढीग सुकवण्यात इंधन जातं आणि तापमान हाती राहत नाही. माल चाळून दोन आकारांत वेगळा ठेवलाय का, की माती-विटांसकट एकच डोंगर आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं नकारार्थी असतील तर त्या प्लांटचं मिश्रण घेऊ नका. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची या कामासाठी २०१५ ची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयआरसी १२०. चाचण्या नव्या मिश्रणाच्याच लावायच्या, जुन्या मालाच्या नावाखाली सूट द्यायची नाही. सोसायटीसाठी १५ ते २० टक्क्यांवर थांबा. प्रमाण वाढलं की मऊ ग्रेडचं डांबर किंवा रिज्युव्हेनेटर (कडक झालेलं डांबर पुन्हा मऊ करणारं द्रव्य) लागतो, आणि तेवढी देखरेख कमिटीला झेपत नाही.

खर्चात कागदावर नुसता थरच स्वस्त दिसतो, कारण मिलिंग मशीन आणण्याचं भाडं दुसऱ्या बाजूला चढतं. एका गल्लीसाठी ते परवडत नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र काम काढलं तर गणित बसतं. मशीनऐवजी जेसीबीने उखडायला मात्र मान्यता देऊ नका. ढेकळांबरोबर खालची माती येते आणि तो माल प्लांटच्या कामाचा राहत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेक करारांत नसते: निघालेला माल कोणाचा? लिहिलं नसेल तर कंत्राटदार तो घेऊन जातो आणि सोसायटीच्या पदरात काही पडत नाही. वजनकाट्याच्या पावतीवर त्याची किंमत बिलातून वजा करायला लावा. राज्य सरकारच्या जनभागीदारी योजनेत ७०:२०:१० अशी विभागणी आहे: सरकार ७०, सोसायटी २०, महापालिका १० टक्के. वॉर्ड ऑफिसात अर्ज करतानाच अंदाजपत्रकात मिलिंग घालून घ्या, मागाहून ते शिरत नाही.

नुसता थर कुठे चालेल? रस्ता पहिल्यांदाच दुरुस्त होतोय, उंबरे भरपूर उंच आहेत, तडे नाहीत, फक्त वरची बारीक खडी सुटतेय, तिथे खुशाल टाका. उलट खड्ड्यातून काळी माती वर येत असेल तर दोन्ही पर्याय वाया. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे पाया खोदूनच करावा लागतो. खरवडलेला माल तिथे वाया जात नाही, तो पायाच्या थरात किंवा पार्किंगखाली दाबून वापरता येतो. काँक्रीट जास्त टिकतं हे खरं, पण गॅस, पाणी, ड्रेनेज यांची खोदकामं संपलेली नसतील तर त्याच्या नादी लागू नये. फोमवालं कोल्ड रिसायकलिंग, म्हणजे जुना माल न तापवता फेसाळ डांबर मिसळून वापरणं, हायवेसाठी उत्तम आहे. गल्लीत ते यंत्र वळायलाही जागा नसते.

कामाच्या दिवशी कमिटीतल्या एकाने थर्मामीटर घेऊन उभं राहावं. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नको, आणि माल ९० अंशांखाली उतरायच्या आत रोलर उरकलेला हवा. खरवडलेल्या खाचांतली धूळ कॉम्प्रेसरने उडवल्याशिवाय टॅक कोट (नवा थर चिकटण्यासाठीचा पातळ डांबराचा हात) मारू देऊ नका. आणि हे सगळं मे महिन्याच्या आत. पावसाळा तोंडावर आला की घाईत ओला माल येतो.