लंडन, बर्लिन की मांतोवा? अनुवादातला युरोप ऐकायला कुठे जावं

युरोपीय कादंबऱ्या आपण बहुतेक इंग्रजीतून वाचतो. मराठीत आल्या तरी बऱ्याचदा इंग्रजीच्याच वाटेने येतात, म्हणजे अनुवादाचा अनुवाद. त्यामुळे तिकडच्या साहित्य महोत्सवाला जायचं ठरवताना कोण लेखक येणार यापेक्षा दुसरा एक प्रश्न आधी सोडवावा असं मला वाटतं : तो लेखक तुमच्या कानावर कुठल्या भाषेत पडणार? लंडन, बर्लिन आणि इटलीतलं मांतोवा या तिघांत खरा फरक तिथेच आहे.

लंडनचा युरोपियन रायटर्स फेस्टिव्हल सगळ्यांत नवा, २०२३ साली सुरू झालेला. जागा ब्रिटिश लायब्ररी, सेंट पँक्रस स्टेशनच्या अगदी शेजारी. मे महिन्यातला एक शनिवार-रविवार, बस. युरोपातल्या देशांच्या लंडनमधल्या सांस्कृतिक संस्था एकत्र येऊन तो भरवतात, त्यामुळे प्रत्येक देश आपला लेखक पाठवतो. थोडा प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांसारखा प्रकार. एका मंचावर चार-पाच जण बसतात आणि तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. आवडत्या लेखकाला मनसोक्त ऐकायला जाल तर हात हलवत परत याल. पण स्लोव्हेनिया, लिथुआनिया, माल्टा इथे आज कोण काय लिहितंय याचा पत्ता नसेल, तर दोन दिवसांत वर्षभराच्या वाचनाची यादी हातात पडते. सगळं इंग्रजीत, म्हणून अडचण काहीच नाही. त्याच महिन्यात लंडनमध्ये इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला दिला जाणारा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर होतो. त्याची ५०,००० पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२५ साली ती कन्नड कथांसाठी बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना मिळाली. तेव्हा मे महिन्यात तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत अनुवादित पुस्तकं शोधत फिरावं लागत नाही.

बर्लिनचा आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव २००१ पासूनचा. सप्टेंबरात साधारण दहा दिवस चालतो. तो फक्त युरोपचा नाही, जगभरचे लेखक येतात. निव्वळ युरोप हवा असेल तर कार्यक्रमपत्रिकेतून निवडून घ्यावा लागतो. पण इथल्या वाचनाची पद्धत मला तिघांत सगळ्यांत आवडते. लेखक आपला उतारा आपल्या मूळ भाषेत वाचतो आणि मग एखादा नट किंवा नटी त्याचा जर्मन अनुवाद वाचते. जर्मन येत नसेल तर दोन्हीही डोक्यावरून जाणार, मग काय उपयोग, असं कुणी म्हणेल. भीमसेनजींची कन्नड दासपदं पुण्यातल्या श्रोत्यांनी वर्षानुवर्षं ऐकली, त्यातल्या किती जणांना कन्नड येत होतं? एस्टोनियन किंवा हंगेरियन वाक्य कुठे श्वास घेतं, कुठे लांबतं, हे छापील इंग्रजीतून कधीच कळत नाही. घरी इंग्रजी अनुवाद वाचून जा, म्हणजे उतारा कुठला चाललाय हे साधारण लक्षात येतं. चर्चा मात्र भाषा पाहून निवडा. कार्यक्रमापुढे ती लिहिलेली असते. जर्मनीत राहणाऱ्या, जर्मन शिकत असलेल्या मराठी मुलामुलींना तर मी डोळे झाकून बर्लिन सांगेन.

मांतोवा हे उत्तर इटलीतलं तळ्यांनी वेढलेलं छोटं शहर. तिथला फेस्तिवालेत्तेरातुरा हा साहित्य महोत्सव १९९७ साली गावातल्याच मंडळींनी, ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय गावच्या साहित्य महोत्सवाचा आदर्श समोर ठेवून सुरू केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बुधवार ते रविवार पाच दिवस चौक, राजवाड्यांची अंगणं आणि चर्च लेखकांनी भरून जातात आणि निळे टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक गल्लोगल्ली दिसतात. आपल्या संमेलनाची आठवण होईल, फक्त ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण आणि ठराव वगळून. परदेशी लेखक बोलला की शेजारी बसलेला दुभाषी तेच इटालियनमध्ये सांगतो. त्यामुळे इंग्रजी कळणाऱ्याची सोय होते, पण तासाचा अर्धा तासच हाती लागतो. इटालियन लेखकांना ऐकायचं तर इटालियनच हवी.

मग मांतोवाला जायचं कशाला? बरोबरच्या माणसासाठी. नवरा, बायको किंवा आई-बाबा पुस्तकवाले नसतील तर लंडनच्या सभागृहात ते दोन दिवस जांभया देतील; इथे राजवाड्यात चित्रकार मांतेन्याची भित्तिचित्रं आहेत, तळ्याकाठी फिरणं आहे. जेवायला भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली. चव गोडसर, घारग्यांची आठवण करून देणारी. काटेकोर शाकाहारी असाल तर आधी चीजबद्दल विचारा : पार्मेझान आणि ग्राना या दोन्हींत दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. राहायला मात्र महोत्सवाच्या दिवसांत जागा मिळणं कठीण. न मिळाल्यास व्हेरोनात उतरून रेल्वेने ये-जा करता येते, पाऊण तासाचा प्रवास.

भारतातून निघणार असाल तर मांतोवा आणि बर्लिन एकाच शेंगेन व्हिसावर होतात, शिवाय दोघांच्या तारखा बहुधा लागून किंवा एकमेकींवर चढलेल्या असतात. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सविस्तर कार्यक्रम जाहीर होईपर्यंत थांबलात तर अपॉइंटमेंट मिळण्याचे वांधे होतील, म्हणून तारखा पाहूनच अर्ज टाका, लेखक नंतर बघता येतील. लंडनचा व्हिसा वेगळा, महिनाही वेगळा, आणि फक्त दोन दिवसांच्या महोत्सवासाठी तेवढा खर्च मला तरी पटत नाही. कामासाठी किंवा मुलांकडे मे महिन्यात तिकडे जाणारच असाल तर गोष्ट वेगळी.