हिरव्यागार बडीशेपेला भुलू नका

एप्रिल संपत आला की आमच्याकडे मालवणी मसाल्याची गडबड सुरू होते. पाच किलो मिरची, देठं काढून उन्हात कडक वाळवलेली, आणि तिच्या जोडीला धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री. सासूबाईंच्या हिशेबाने मिरचीच्या किलोला 100 ग्रॅम बडीशेप. यंदा ती मी नेहमीच्या वाण्याकडून आणली नाही, आणि तिथेच फसले.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फोटो टाकले होते, ‘थेट उंझ्याहून, लखनवी बडीशेप, घरपोच.’ गुजरातेतलं उंझा म्हणजे जिरं-बडीशेपेची केवढी मोठी बाजारपेठ! नावानेच विश्वास बसला. वाणी 340 रुपये किलो सांगत होता, हा 260 ला देत होता. दोन किलो घेतली. दाणा बारीक, एकसारखा आणि अगदी हिरवागार. काय ताजा माल मिळाला, असंच वाटलं.

बडीशेप कढईत पडली की वास जिन्यापर्यंत जातो. या वेळी आलाच नाही. आधी धणे भाजले होते, त्यांचाच वास नाकात बसला असेल असं समजून मी पुढे गेले. तेव्हाच हात थांबवायला हवा होता. मसाला डंकावरून कांडून आणला, बरण्या भरल्या. उरलेल्यातली पाव किलो नणंदेला दिली. तिचं बाळ दीड महिन्याचं. बाळंतशेप वेगळी, ती शेपूची बी. पण आमच्याकडे बाळंतिणीला जेवणावर दोन्ही देतात.

आठवड्याने तिचा फोन आला. “वहिनी, हिला गोडवाच नाही गं. आणि चिमटीत धरली की बोटं हिरवी होतायत.”

माझ्या पोटात गोळा आला. तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता टाकून दे. मग पांढऱ्या कपात साधं पाणी घेऊन त्यात चमचाभर बडीशेप टाकली. दोनच मिनिटांत दाण्यांभोवती हिरवे धागे सुटायला लागले. दहा मिनिटांनी पाणी पोपटी, आणि तळाशी मातकट, तपकिरी दाणे. चावून पाहिले तर नुसता भुसा. शेजारच्या कपात वाण्याकडची बडीशेप टाकली होती, तिचं पाणी जेमतेम पिवळसर झालं.

हा प्रकार कसा होतो ते नंतर कळलं. बडीशेपेचा वास आणि गोडवा तिच्या तेलात असतो, मुख्यतः अ‍ॅनेथोलमध्ये. वाफेवर ते तेल काढून घेतात. उरलेला दाणा काळपट, निःसत्त्व होतो. तो वाळवायचा, रंगवायचा आणि पुन्हा विकायचा. खरी हिरवी बडीशेप महाग का, तर तिला मेहनत असते. झाडावरचे छत्रीसारखे तुरे एकदम तयार होत नाहीत, ते जसे भरतील तसे पूर्ण पिकायच्या आत खुडून सावलीत सुकवावे लागतात. तरीही तिचा हिरवा रंग मंदच असतो. पिकू दिलेली पिवळसर दिसते, आणि मसाल्याला तीच छान लागते. अख्ख्या मसाल्यांना वरून रंग लावायला कायद्याने बंदी आहे.

जूनमध्ये मी दोन्हींचे दाणे दोन कुंड्यांत पेरले. वाण्याकडच्या बडीशेपेला दोन आठवड्यांत शेपूसारखी नाजूक पानं आली. दुसऱ्या कुंडीत महिना झाला तरी एक कोंब नाही.

मसाला सगळा टाकला. बरण्या रिकाम्या करताना सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पैसे दिल्याची नोंद आणि पाकिटाचा फोटो होता, म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. तुम्ही सुटा माल घेत असाल तर निदान कच्ची पावती तरी मागा, आणि घेण्याआधी चार दाणे तळहातावर चोळून वास घ्या, एक चावून पाहा. रंगाकडे पाहूच नका.

आमच्या इमारतीत आणखी दोघींनी त्याच्याकडूनच घेतली होती. परवा त्यांच्या ओट्यावर कप मांडले. दोन्हींचं पाणी हिरवं झालं.