बोटीच्या इंजिनापायी ५८,४८० रुपये गेले, जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) शोधणाऱ्यांनी वाचा

चौदा फुटांची जुनी फायबरची मोटरबोट मी नागपुरात मानेवाड्याला घरच्या अंगणात दुरुस्त करून राहिलो हे ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर हसणारेही कमी नाहीत. म्हणून पैसे गेल्याचं कोणाला सांगितलंच नव्हतं. आता सांगतो, कारण तो फसवणारा माणूस अजून धंदा करूनच राहिला.

बोटीचं काम मस्त चाललं होतं. ट्रान्सम, म्हणजे मागची फळी जिच्यावर इंजिन लटकते, आतून पार सडली होती. ती कापून काढली, ७१० मार्काचं मरीन प्लाय बसवलं, वरून फायबरची मॅट आणि रेझिनचे थर दिले. आपल्या मे महिन्यात हे काम उन्हं चढायच्या आत उरकावं लागते, नाहीतर रेझिन घट्ट करणारं हार्डनर टाकल्या टाकल्या रेझिन मगातच दगड होते. ट्रान्समची उंची २० इंच. हा आकडा लक्षात ठेवा.

राहिलं इंजिन. नागपुरात पंप, डिझेल इंजिन, ट्रॅक्टरचे पार्ट सगळं मिळते, पण जुनं आउटबोर्ड कोणाकडे मागायचं सांगा ना! ऑनलाइन जाहिरात दिसली, यामाहा २५ हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, ७६,००० रुपये. माणूस म्हणे मालवणात वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडे कामाला होता, धंदा बंद झाला म्हणून विकून राहिला. मराठी बोलायचा, तेही कोकणी हेल काढून. व्हिडिओ पाठवला, निळ्या ड्रममध्ये इंजिन चालू, बाजूनं कूलिंगच्या पाण्याची धार बरोबर पडून राहिली. माझ्या जागी कोणीही असता तरी हेच म्हटलं असतं की माणसाला काम येते.

आणि इथंच फसलो. मी विचारलं शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणारा दांडा, कोणता, तर म्हणे "लाँग शाफ्ट आहे दादा, पंधरा इंच." अरे पंधरा इंच म्हणजे शॉर्ट! लाँग वीसचा असते! स्वतःच्या हातानं वीस इंचाचा ट्रान्सम बांधलेला माणूस मी, शॉर्ट शाफ्ट त्याच्यावर लावला तर पंखा वर राहून हवा ओढते, कूलिंगला पाणी मिळत नाही, हे मी दुसऱ्यांना समजावून सांगतो, आणि तेव्हा मला वाटलं बोलण्यात चुकला असेल बिचारा. समुद्रावर इंजिनं हाताळलेला माणूस यात चुकत नाही हो, ज्यानं कधी इंजिन पाहिलंच नाही तोच चुकते. आठवलं की अजून डोकं फिरते.

मग नेहमीचंच. टोकन ५,०००. निम्मे पूर्ण करायला ३३,०००. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, व्हॉट्सअॅपवर आली, शिक्का बिक्का सगळं, त्यावर पॅकिंग आणि विम्याचे ६,८००. शेवटी "जीएसटी भरा, माल मिळाला की परत" म्हणून १३,६८०. तुम्ही म्हणाल एवढं कळत नाही का. ४४,८०० अडकलेले असताना आणखी तेरा हजारांत माल सुटते असं वाटते माणसाला, तुमचे अडकू द्या मग कळेल. बिल्टीवरचा ट्रान्सपोर्टचा फोन लावू नका, तो त्यांच्याच पोराचा असते, वाडीत स्वतः जाऊन विचारा. ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा सरकारी कागद, दाखवलं तर त्याचा बारा आकडी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. मला पाठवलेल्या फोटोतला नंबर खोटा निघाला, पण मी पाहिला पैसे गेल्यावर.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, समोरच्या खात्यात २,१४० रुपये होल्ड झाले. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. पैसे गेल्याचं कळताच आधी हा फोन करा, नातेवाइकांना नंतर. ते २,१४० सोडवायला बँक तेव्हा म्हणाली कोर्टाचा आदेश आणा. दोन हजारांसाठी वकील लावू? पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब आधी हसले, "नागपुरात बोट कायले पायजे तुमाले?" मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. ठाणं म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, हा दिवाणी मामला. मग नवीन न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं काय शोभेला ठेवलं? शेवटी म्हणे माणूस मालवणचा, तिकडं तक्रार करा! हद्द कोणतीही असो, तक्रार घ्यावीच लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये तसं लिहिलं आहे. प्रिंट काढून नेली तर "तुम्ही वकील आहात काय?" इंजिन काय, त्याचा नटही शोधायला कोणी हललं नाही. एक पोरगा हवालदार तेवढा बरा, त्यानं पाणी दिलं.

इंजिन घ्यायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवर ब्रॅकेटवरची नंबर प्लेट दाखवायला लावा, आधी काढलेला व्हिडिओ नको. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेज लावून दाखवा म्हणा. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं असेल तर आत पाणी शिरलं आहे. शाफ्ट टेप लावून मोजायला सांगा, आणि खातं दुसऱ्याच्या नावावर असेल तर तिथंच फोन ठेवा.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला, तोच निळा ड्रम. ड्रमच्या मागे पत्र्याचं दार आहे, खालचा कोपरा फाटलेला. आता किंमत ६८,०००, माणूस कोल्हापूरचा झाला, आणि खाली लिहिलं आहे "विदर्भात डिलिव्हरी फ्री".