१२१ ठोकळ्यांचा दशमान संच: घेण्याआधी दुकानातच दांडा मोजून पाहा

ठाण्यात नौपाडा-गोखले रोडच्या पट्ट्यात किंवा वाशीत, शालेय साहित्याच्या दुकानात एकक-दशकाचे ठोकळे मागितले की बहुतेक वेळा समोर येतो तो १२१ नगांचा डबा. दुकानदार त्याला ‘बेस टेन ब्लॉक्स’ म्हणतात. आत १ सेंटिमीटरचे १०० सुटे, १० सेंटिमीटर लांबीचे १० दांडे, शंभराच्या १० चौरस पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. सगळे मिळून २२०० होतात. दुसरी ते पाचवीच्या मुलासाठी डबा नक्की घ्यावा. मात्र दोन उणिवा आधीच माहीत हव्यात: दांडे कमी पडतात, आणि सोबतच्या पत्रकात नुसती चित्रं असतात, वापरायची रीत नसते.

हे ठोकळे जगभर रुळवले ते हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टान डीन्स (१९१६–२०१४) यांनी. त्यांच्या संचांत दहाचेच नव्हे, तर तिनाचे, चाराचे, पाचाचेही गट होते. ‘पुरेसे जमले की मोठ्यात बदलायचे’ ही क्रिया मुलाच्या हातात बसावी, हा त्यामागचा विचार. आज बाजारात बहुतेक दहाचाच संच मिळतो, आणि अदलाबदलीऐवजी तो मांडून दाखवण्यासाठीच जास्त वापरला जातो. ३४ म्हणजे तीन दांडे, चार सुटे. झालं, डबा बंद. तेवढ्यासाठी पैसे घालवू नयेत, ते काम वहीतलं चित्रही करतं.

दुकानात डबा उघडायला लावा. दहा सुटे एका रांगेत चिकटवून शेजारी दांडा ठेवा. साच्यातून निघताना प्लास्टिकचं बारीक टोक कडेला राहिलं असेल, तर दहा सुट्यांची रांग दांड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब भरते. मोठ्याला हा फरक किरकोळ वाटतो. सात वर्षांच्या मुलाला मात्र आपण ‘हे दोन्ही सारखे’ असं सांगत असतो आणि त्याच्या डोळ्यांना ते सारखे दिसत नसतात. मग दहा दांडे पाटीवर अंथरून पाहा, आणि दहा पाट्यांची चवड हजाराच्या ठोकळ्याशेजारी लावून उंची पाहा. तिन्ही जुळलं तरच घ्या.

लाकडी संच दिसायला देखणा, हातालाही छान लागतो. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. सुटे एका दिशेला कापलेले, पाट्या दुसऱ्या दिशेला, त्यामुळे जून-जुलैत माप बिघडू शकतं. ठाण्यात घ्यायचा तर प्लास्टिकचाच घ्यावा.

रंगाचा मुद्दा याहून मोठा आहे. काही संचांत सुटे पिवळे, दांडे हिरवे, पाट्या निळ्या आणि हजार लाल असतो. दिसतो आकर्षक, पण मूल आकाराऐवजी रंग पाठ करतं: हिरवा म्हणजे दहा. दहा पिवळे देऊन एक हिरवा घेताना तेच दहा एकत्र आले असं त्याला वाटत नाही, बदल्यात वेगळीच वस्तू मिळाली असं वाटतं. एकाच रंगाचा संच मिळत असेल तर तो निवडा. एकमेकांत अडकणारे सुटेही मिळतात. दहा जोडून दांडा स्वतः बनवता येतो ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण पहिलीच्या मुलांच्या बोटांना ते सोडवणं जड जातं.

आता दांड्यांचा हिशेब. २६७ + १५८ मांडा. दशकाच्या घरात ६ आणि ५, म्हणजे ११ दांडे लागतात. डब्यात १० आहेत. पाठ्यपुस्तकातलं अगदी साधं हातच्याचं उदाहरण, आणि तिथेच अडतं. दोन संख्यांच्या बेरजेत एका घरात जास्तीत जास्त ९ आणि ९, म्हणजे १८, आणि एककाकडून आलेला १ धरला तर १९ दांडे लागू शकतात. सुटे मात्र बेरीज-वजाबाकीला वीसच्या आतच लागतात, आणि ते दिलेत १००. गुणाकारातही तेच: २३ × १४ चा आयत मांडला तर २ पाट्या, ८ आणि ३ मिळून ११ दांडे, १२ सुटे. उत्तर ३२२ बरोबर येतं, पण पुन्हा एका दांड्यासाठी खोळंबा. उपाय म्हणजे दांड्यांचं वेगळं पाकीट मिळतं का ते विचारा. नाहीतर शेजारच्या घरी असाच संच असेल तर दोघांनी मिळून वापरा. जाड पुठ्ठ्याच्या १ × १० सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून त्यांवर दहा चौकटी आखल्या तरी चालतं.

वजाबाकीत हा संच खरं काम करतो. ५२ − २७ घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ५२ ही मांडायचे आणि २७ ही. बेरजेची सवय असते, म्हणून मोठी माणसंही हेच करतात. मग मुलासमोर एकूण ७९ किमतीचे ठोकळे येतात आणि कशातून काय काढायचं ते कळत नाही. फक्त ५ दांडे आणि २ सुटे मांडा. सत्तावीस त्यांच्याच आत दडलेले आहेत. आता ७ सुटे मागा. मूल म्हणेल, नाहीत. इथे थांबा, सुचवू नका. ज्या मुलाने अदलाबदल भरपूर खेळलेली असते, ते आपण होऊन दांडा उचलतं. दांडा डब्यात जातो, दहा सुटे बाहेर येतात, आणि ते दहा दांड्याशेजारी लावून पाहिल्याशिवाय व्यवहार पक्का करायचा नाही. ४ दांडे, १२ सुटे. अजूनही हे ५२ च आहेत का, हा प्रश्न दर वेळी विचारा. अर्ध्या मुलांचा गोंधळ इथेच सापडतो. मग ७ काढले, उरले ५. दोन दांडे काढले, उरले २. पंचवीस.

याच वेळी वहीत प्रत्येक हालचाल लिहिली गेली पाहिजे: दांडा देऊन सुटे घेतले त्या क्षणी ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. ठोकळे आधी आणि लेखन उद्या, असं केलं की दोन्हींचा संबंध तुटतो, आणि वहीत पुन्हा ‘सातातून दोन गेले पाच’ होऊन ३५ उत्तर येतं.

शब्दांचंही पाहा. ‘उसना घेतला’ म्हटलं की चौकस मूल विचारतं, परत कधी द्यायचा? प्रश्न रास्त आहे, कारण इथे परत काहीच दिलं जात नाही. ‘दशक सुटा केला’ म्हणा. दहाची नोट मोडून सुटे घेतल्यासारखं. बेरजेत ‘दहा बांधले’ म्हणा आणि त्यानंतरच हातचा हा शब्द आणा.

मराठी संख्यानामांमुळे आपल्या मुलांना हा संच जास्त उपयोगी पडतो. बावन्न म्हणताना ‘बा’, म्हणजे दोन, आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. म्हणून कितीतरी मुलं २५ लिहितात. एकोणसाठ ऐकलं की ‘साठ’ कानात राहतो आणि ६९ लिहिलं जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ या धर्तीचं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा या नव्या वाचनाची बाजू जाहीरपणे मांडली होती. ठोकळे मांडताना त्या वाचनाचं मोल पटतं: पाच दांडे ठेवत ‘पन्नास’, दोन सुटे ठेवत ‘दोन’, आणि सगळ्यावर हात फिरवत ‘बावन्न’. दोन्ही म्हणा, बावन्न सोडू नका. एकोणसाठसाठी सहा दांडे मांडून त्यातला एक सुटा काढायला लावा. एक दांडा देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, ५ दांडे ९ सुटे उरतात आणि ‘एकोण’ म्हणजे एक उणा हे समजतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते. नव्व्याण्णवला चालत नाही, तो मुलांना वेगळा सांगावा लागतो.

हजाराच्या ठोकळ्याबद्दल एक खबरदारी. ‘यात सुटे किती?’ विचारलं की बरीच मुलं ६०० सांगतात: सहा बाजू, प्रत्येकीवर शंभर चौकटी. बहुतेक संचांत तो आतून पोकळही असतो, म्हणजे हातात घेतल्यावर मुलाचा समज पक्काच होतो. दहा पाट्या एकावर एक रचून शेजारी ठेवा आणि एकेक पाटी उचलत शंभर, दोनशे मोजा. तोवर हजार हा शब्द वापरू नका.

पत्रकाच्या जागी एक तक्ता घरी करा. मोठ्या चार्टपेपरवर तीन उभी घरं, उजवीकडे एकक, मग दशक, मग शतक. एककाच्या घरात पाच-पाचच्या दोन ओळींत दहा चौकटी आखा. चौकटी भरल्या की बांधायची वेळ झाली, हे मूल स्वतः पाहतं आणि मोजण्यात चुकत नाही. ठोकळ्यांवरून थेट अंकांवर उडी मारू नका. मध्ये चित्राची पायरी हवी: पाटीसाठी चौकोन, दांड्यासाठी उभी रेघ, सुट्यासाठी ठिपका. मूल ठोकळ्यांकडे हात न नेता रेघ खोडून दहा ठिपके काढू लागलं, की डबा फळीवर ठेवायला हरकत नाही.

पहिलीच्या सुरुवातीला मात्र हा संच आणू नका. दांडा मोडत नाही, तो आयताच दहा असतो. दहा कसे झाले हे मुलाने पाहिलेलंच नसतं. त्या वयाला आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड उत्तम. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात दोन्ही मिळतात. मुलाने स्वतः दहा मोजून बांधायचे, स्वतः सोडायचे. खेळातल्या नोटा त्याहूनही उशिरा आणा, कारण दहाची नोट रुपयाच्या दहापट मोठी दिसत नाही. तिथे किंमत मानून घ्यावी लागते.

पाचवीत हाच डबा पुन्हा काढता येतो. पाटीला १ म्हणायचं, दांडा झाला ०.१ आणि सुटा ०.०१. मग ०.३५ मोठा की ०.४? ‘पस्तीस मोठे’ म्हणणाऱ्या मुलाने एकीकडे ३ दांडे ५ सुटे आणि दुसरीकडे ४ दांडे ठेवले की काही सांगावं लागत नाही. मात्र ‘आजपासून पाटी म्हणजे एक’ हे ठळक अक्षरांत लिहून समोर लावा, नाहीतर जुना शंभर मध्येच डोकावतो.

तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर सुटे उंचावर ठेवा, ते घशात अडकण्याच्या मापाचे आहेत. आवरताना दहा-दहा सुटे मोजून झिपच्या छोट्या पिशव्यांत भरायला मुलालाच सांगा. दहा पिशव्या भरल्या नाहीत तर किती हरवले ते त्यानेच काढायचं. हरवलेल्यांच्या जागी राजमा किंवा चिंचोके घालू नका, दांड्याशेजारी लावल्यावर त्यांची लांबी जुळणार नाही.