माऊनहून मोकोरोची एक दिवसाची ट्रिप (ओकावांगो डेल्टा, बोत्स्वाना): जाच, पण पाणी बघून जा

जुलैमध्ये आईला घेऊन बोत्स्वानाला गेले होते, माऊनला चार दिवस होतो, त्यातला एक अख्खा दिवस मोकोरोला दिला आणि पूर्ण प्रवासातला सगळ्यात भारी दिवस तोच ठरला. मोकोरो म्हणजे लांबट अरुंद होडी, पूर्वी झाडाचं अख्खं खोड कोरून करायचे, आता मोठी झाडं वाचावीत म्हणून बऱ्याचशा फायबरग्लासच्या असतात. मागे उभा राहून न्गाशी नावाच्या लांब काठीने होडी ढकलतो तो पोलर. आम्ही गेलो त्या ठिकाणी पोलर जवळच्या गावातलेच होते, गावाच्या ट्रस्टतर्फे आळीपाळीने काम मिळतं त्यांना. शक्यतो असंच बुकिंग करा.

आता पाण्याचं. पाऊस पडतो लांब अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण डिसेंबर ते मार्च, आणि ते पाणी नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून इतकं सावकाश उतरतं की माऊनजवळ यायला जून-जुलै उजाडतो, म्हणजे इथे आभाळ कोरडं ठणठणीत, थंडी, आणि नदीला पूर! ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरते आणि जवळजवळ सगळं पाणी ऊन आणि झाडंच पिऊन टाकतात. म्हणून पुराच्या आधी आलात तर होडीला पाणी पुरेल का ते बुकिंग करतानाच विचारा.

आमचा पोलर पन्नाशीचा असेल, खरी मजा त्याच्यामुळे आली. एका बेटावर उतरवून त्याने दाखवलं की इथली बरीच बेटं मुळात वाळवीची वारुळं, वारूळ पाण्याच्या वर राहतं, त्यावर झाडं रुजतात, माती साठत जाते, बेट वाढतं. झाडं पाणी ओढून घेतात आणि क्षार मागे राहतात, म्हणून बेटाच्या मधोमध जमीन पांढरी आणि बोडकी. आईने ती माती चिमटीत घेऊन बघितली, खरंच खारट. शाळेत भूगोलात डेल्टा म्हणजे त्रिकोण एवढंच शिकलो होतो आपण.

होडीत बसल्यावर पाणी अगदी कोपराजवळ असतं, कमळं बाजूने सरकतात, लव्हाळ्यावर नखाएवढे बेडूक, आणि आवाज फक्त काठीचा. पाणघोडे दिसले तर पोलर लांबूनच वळतो, त्यात घाई करायला लावू नका त्याला. आई ६८ची आहे, गुडघ्याचा त्रास आहे, चढता-उतरताना दोघांनी धरलं तेवढं पुरलं, पण पाय लांब करून बसावं लागतं, पाठीला उशी मागून घ्या.

बोलताना आधी ‘दुमेला म्मा’ (बाईंना नमस्कार) किंवा ‘दुमेला र्रा’ (पुरुषांना), मग कामाचं बोलायचं, तिथे ही रीतच आहे. आईला पोलर ‘म्मा’ म्हणायचा, ती दिवसभर खुशीत. बोलता बोलता हिऱ्यांवर विषय गेला. १९६६ला देश स्वतंत्र झाला तेव्हा फार गरीब होता, दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले आणि त्या पैशावर शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. आता लॅबमधल्या हिऱ्यांनी भाव पडलेत, सरकारच्या तिजोरीला झळ बसलीय, म्हणून त्याला मुलाने पर्यटनात यावं असं वाटतं. चलनाचं नावच पुला, म्हणजे पाऊस. डेल्टा बघितल्यावर ते नाव पटतं.

तक्रार एकच आणि ती पोलरची नाही, आमच्या गेस्टहाउसची. आम्ही शाकाहारी आहोत हे दोनदा सांगूनही डब्यात हॅमचं सॅंडविच दिलं, मला फार वाईट वाटलं कारण आई सकाळपासून उपाशी होती. पोलरने न विचारता स्वतःचा डबा पुढे केला, फालेचे म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा आणि मोरोगोची पालेभाजी, आईने मिटक्या मारत खाल्लं. तेव्हा जेवण स्वतः बघून घ्या, कच्चं मांस मात्र नेऊ नका, लाळ्या-खुरकुताच्या भीतीने ठिकठिकाणी कुंपणं आणि नाकी आहेत, गाडी तपासतात, बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. गोमांसाची निर्यात आहे त्यांची, त्यामुळे हे नियम कडक.

सकाळी उघड्या गाडीत गारठून जायला होतं, जाड जॅकेट आणि कानटोपी हवीच. परतताना काठावर बायका मोकोला पामच्या पात्यांच्या टोपल्या विकत होत्या, तपकिरी रंग मुळं उकळून काढलेला, वीण इतकी घट्ट की बघत राहावं. आम्ही एकच घेतली कारण रोख पुला संपले होते आणि कार्ड चालत नव्हतं, तुम्ही माऊनच्या एटीएममधून जास्तीचे काढून न्या.