सहा पाउंडर तोफेचं किट: माल चांगला, पण एका तोफेत भागत नाही

दोन महिने झाले, आता लिहूनच टाकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या एअरबोर्न (हवाई मार्गाने न्यायच्या) सहा पाउंडर अँटी-टँक, म्हणजे रणगाडे फोडायच्या, तोफेचं 1/35 चं (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं) प्लास्टिक किट ऑनलाइन मागवलं, कारण इंदुरात असलं काही मिळत नाही, राजवाड्याजवळ एका खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर म्हणे भिया, बॅटरीवाला टँक घेऊन जा, लाइटपण लागतो.

डबा आला तो चेपलेला, आत तोफेची नळी वाकलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर ‘पॅकिंग उघडलंय, रिटर्न होणार नाही’, आता न उघडता वाकलेली नळी दिसणार कशी ते त्यालाच माहीत. शेवटी गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ केली, बायको म्हणाली चहाचं पातेलं तेवढं सोडा.

पण किट काढणाऱ्याचा अभ्यास पक्का आहे हं. साध्या सहा पाउंडरपेक्षा ह्याचा अ‍ॅक्सल अरुंद, मागचे पाय दुमडणारे, कारण खरी तोफ हॉर्सा नावाच्या लाकडी ग्लायडरच्या पोटात घालून न्यायची होती, म्हणजे इंजिनच नसलेलं विमान, दुसऱ्या विमानाने ओढत न्यायचं आणि दोर सुटला की खाली उतरायचं, आत ही टनभराची तोफ आणि तिला ओढायला जीप. पाय दुमडायचा सांधा मात्र एवढा बारीक की माझा एक तुटला, तिथे फेविक्विक वापरू नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

मी हे घेतलं ते जॉन बास्कीफील्डसाठी. माहितीपत्रकात त्याचं नावही नाही, जे मला फार खटकलं. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या बर्स्लेमचा पोरगा, जन्म 1922 चा, धंद्याने खाटीक, 1942 मध्ये भरती झाला आणि साऊथ स्टॅफर्डशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधून ग्लायडरने सिसिलीत गेला, मग सप्टेंबर 1944 मध्ये हॉलंडात आर्नेमला, जर्मनांशी लढायला. (तोफखान्यातला नव्हे, पायदळाच्या अँटी-टँक प्लाटूनमधला लान्स सार्जंट, जाणकारांनी कमेंटमध्ये भांडू नये.)

20 सप्टेंबरला आर्नेमजवळच्या ओस्टरबेकमध्ये त्याच्या तोफेने दोन टायगर (जर्मनांचे अवजड) टँक आणि निदान एक सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतःच्या इंजिनवर चालणारी, तोफ निकामी केली. टँक शंभर यार्डांवर येईपर्यंत हा गोळाच सोडत नव्हता. मी हिशोब केला, 1/35 मध्ये ते होतात साडेआठ फूट, म्हणजे आमच्या बैठकीत टीव्हीखाली तोफ ठेवली तर टायगर येतो चपलांच्या स्टँडपाशी. टेप लावून बघितलं आणि जरा वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो. एवढ्या जवळ.

पायाला जबर जखम, बाकीचे साथीदार मेलेले किंवा जायबंदी, तरी उपचारांसाठी मागे जायला नकार दिला आणि एकट्याने तोफ चालवत राहिला. ती निकामी झाल्यावर शेजारच्या तोफेपर्यंत सरपटत गेला, तिची माणसं आधीच मेली होती. तिथून दोन गोळे, एकाने समोरची सेल्फ-प्रोपेल्ड तोफ गप्प, तिसऱ्याच्या तयारीत असताना टँकचा गोळा येऊन तो गेला. वय 21. मृतदेह सापडलाच नाही, नाव हॉलंडातल्या ग्रूसबेकच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर, आईवडिलांनी जाऊन घेतला.

आता तक्रार. डब्यात माणसं तीन आहेत, तिघंही धडधाकट, एक तर दुर्बीण घेऊन उभा, ह्या प्रसंगात त्याचं काय काम? गुडघे टेकलेला एकच कामाचा, त्याच्या डाव्या पायाला मी लाल-तपकिरी रंग दिला, पावसाळ्यामुळे वाळायला चार दिवस लागले. आणि तोफ एकच! एका तोफेत ही गोष्ट अर्धीच होते.

आणखी एक, 11 डिसेंबर 1971 ला, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या टांगाईलला आपल्या 2 पॅरा ह्या छत्रीधारी बटालियनसोबत 49 पॅरा फील्ड बॅटरी ही तोफखान्याची तुकडीही उतरली होती, त्यांच्यावर कुणी किट काढलं तर पहिलं मीच घेईन, महूची लष्करी छावणी शेजारी असलेल्या गावातला माणूस आहे मी.

तर पाचपैकी चार, एक स्टार पॅकिंगचा कापला. दुसरी तोफ कालच मागवली, त्याच विकणाऱ्याकडून, काय करणार, दुसरीकडे संपलीये. ह्या वेळी डबा उघडतानाचा व्हिडिओ काढणार, मोबाइल मुलगा धरणारे.