थेंब घरंगळला म्हणून जॅकेट घेऊ नका

दुकानदाराने माझ्या डोळ्यांदेखत जॅकेटच्या खांद्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब खाली गेले, कापडावर ओलाव्याची खूणही राहिली नाही. तेवढं बघून मी दोन जॅकेटं घेतली. एक मला, एक माझ्या सोळा वर्षांच्या भाचीला. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण ती पोर सिंहगडाच्या घाटात माझ्यासमोर काकडत उभी होती, ते मला विसरता येत नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पुण्याची थंडी कोरडी. डिसेंबरात सायकल काढताना रेनकोटचा विचार कुणी करत नाही. मीही करत नव्हते. पण १ डिसेंबर २०२१ चा अवकाळी पाऊस ज्यांना आठवतो त्यांना कळेल. तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात पाऊस आणि गारठा एकदम आल्यामुळे मेंढपाळांच्या कितीतरी मेंढ्या दगावल्या होत्या. नुसती थंडी सोसते, नुसता पाऊस सोसतो. दोन्ही एकत्र आले की अंगातली ऊब टिकत नाही. गेल्या हिवाळ्यात भाचीने माझ्याबरोबर घाट चढायचा हट्ट धरला, तेव्हा आधी कपडे नीट घेऊ असं मीच म्हटलं होतं.

दुकान शहरातलंच, सायकलच्या सामानाचं, बऱ्यापैकी गर्दी असलेलं. "ताई, हे टेन के आहे. दहा हजार एमएम. इम्पोर्टेड. मोठ्या ब्रँडचंच कापड, फक्त नाव नाही म्हणून पाच हजार दोनशे." (कापड पाण्याचा किती दाब सोसतं, त्याचा हा आकडा.) मग ते पाणी ओतणं. मग आतून घालायला 'शंभर टक्के मेरिनो', म्हणजे मऊ लोकर, म्हणून प्रत्येकी चौदाशेचे दोन इनर. एकूण १३,२०० रुपये. बिलावर त्याने लिहिलं 'जॅकेट २ नग, इनर २ नग'. मी ते तसंच घडी करून पर्समध्ये टाकलं. ही माझी पहिली मोठी चूक.

रविवारी पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो. राजाराम पुलावरून सिंहगड रोड, खडकवासल्याला चहा, मग डोणजे, गोळेवाडी. घाट लागला आणि भुरभुर सुरू झाली. आम्ही जॅकेटं चढवली आणि निर्धास्त झालो. चढाला अंग तापलेलं असतं, त्यामुळे काही जाणवलं नाही. वर पार्किंगला पोचलो, जॅकेटची चेन उघडली, तर आतून दोघी चिंब. मला वाटलं घाम असेल. घाम होताच, पण खांद्यावरच्या शिवणीतून पाणीही आलं होतं. पाऊस वाढायच्या आत खाली जाऊ म्हणून लगेच उतरायला लागलो. ही दुसरी चूक, आणि ही जास्त महागात पडली असती.

उतारावर पाय मारावे लागत नाहीत, म्हणजे अंग उष्णता तयार करत नाही. समोरून वारा. अंगाला चिकटलेलं ओलं कापड. ओल्या अंगाची ऊब कोरड्यापेक्षा कित्येक पटींनी झपाट्याने निघून जाते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट जास्त उष्णता वाहून नेतं. दोनच वळणं उतरलो असू, मागून आवाज आला, "मावशी, थांब. मला ब्रेक दाबताच येत नाहीयेत." मी थांबले. तिची बोटं वाकत नव्हती. दात वाजत होते, आणि शब्द जड झाले होते, जीभ सुजल्यासारखे. शब्द अडखळायला लागले की तो नुसता काकडा नसतो, हे मला माहीत होतं म्हणून मी घाबरले. त्या हातांनी ती पुढचं वळण घेऊ शकली नसती.

सायकली हातात धरून पुन्हा वर चढलो. भजी-पिठल्याच्या एका टपरीतल्या आजींनी तिला बघितलं आणि काही न विचारता चुलीपुढे बसवलं. "काढ गं पोरी ते भिजकं आधी. अंगावर ठेवून शेकलीस तर काय उपयोग?" आडोसा करून ओले कपडे काढायला लावले, घोंगडीत गुंडाळलं, साखर घालून गरम दूध दिलं. पाऊण तासाने ती नीट बोलायला लागली. खाली आम्ही जीपने आलो, सायकली टपावर बांधून. आजींनी दुधाचेही पैसे घेतले नाहीत. त्यांची घोंगडीसुद्धा कडेने ओली होती, पण लोकरीला ओलं झाल्यावरही ऊब धरता येते. त्यावरूनच घरी येताना मला इनरची शंका आली.

घरी आल्यावर जॅकेट उलटं करून खिडकीपाशी धरलं. पाणी न शिरू देणाऱ्या जॅकेटच्या आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते, कारण सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. इथे एकाही शिवणीवर पट्टी नव्हती. मग कापडाची खोळ करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. सपाट कापडातून अर्ध्या तासात थेंब गळला नाही. शिवण मात्र पाच मिनिटांत ठिबकायला लागली. कापडाला आतून प्लास्टिकसारखा साधा थर दिलेला. तो पाणी अडवतो आणि घामाची वाफही अडवतो. म्हणजे बाहेरचं पाणी शिवणीतून आत, आतलं पाणी आतच.

मग दुकानातले थेंब का घरंगळले? कापडावर बाहेरून एक पाणी झटकणारा लेप मारलेला असतो. तो चांगल्या जॅकेटवर असतो, तसाच तीनशे रुपयांच्या विंडचीटरवरही मारता येतो, आणि धुण्याने, घासण्याने उतरतो. थेंब घरंगळले याचा अर्थ लेप ताजा आहे, एवढाच. दहा हजार एमएम म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपणार नाही इतका दाब ते सोसतं. तो आकडा कापडाचा, शिवणीचा नाही. घामाची वाफ किती बाहेर पडते त्याचा आकडा वेगळा असतो, चोवीस तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम असा. तो मी विचारलाच नाही, आणि लेबलवर तो नव्हताही. होता फक्त वरून चिकटवलेला 'टेन के'चा स्टिकर.

इनरच्या विणीतला एक धागा उसवून चिमट्यात धरून पेटवला. (शिलाईचा दोरा घेऊ नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो.) लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, ज्योत काढताच विझली असती, आणि राख बोटांत चुरली असती. हा धागा वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टरही आतून घालायला वाईट नाही, सुतीपेक्षा तर कितीतरी बरं, कारण सुती कापड पाणी धरून बसतं. पण ते चारशे-पाचशेत मिळतं.

आता माझ्या नजरेला ज्या गोष्टी आधी दिसतात त्या सांगते. आतली शिवण-पट्टी. हवा खेळायला काखेत चेन. सायकलवर वाकल्यावर कंबर झाकेल इतकी मागची लांबी. मनगटाला घट्ट करायची पट्टी. खरं तर पुण्याच्या हिवाळ्याला महाग जॅकेट लागतच नाही. वारा अडवणारं हलकं जॅकेट, आत सिंथेटिक किंवा खऱ्या लोकरीचा थर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा टीशर्ट आणि हातमोजे, वर पोचल्यावर बदलायला. चढताना जॅकेट काढूनच ठेवावं, कारण चढाचा सगळा घाम बाहेर टाकेल असं जॅकेट मी पाहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी दुकानात गेले. "मी वॉटरप्रूफ नाही, वॉटर रेझिस्टंट म्हणालो होतो, ताई. म्हणजे थोडंफार पाणी अडवतं, एवढंच. आणि एकदा विकलेला माल परत नाही, बिलावर छापलंय." छापलं होतं खरं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाकडून निरोप आला, दोन हजारांचं कूपन देतो. मी नाही म्हटलं. त्याच्याच दुकानातून पुन्हा काय घ्यायचं?

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. अडचण एकच, बिलात 'वॉटरप्रूफ' हा शब्द नाही. तो शब्द, मालाचं वर्णन आणि आयात केलेला माल असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

भाचीने मला एका पाकिटात बिल, तो स्टिकर, उलट्या शिवणीचे फोटो आणि जळलेल्या धाग्याचा मणी घालून दिला आहे. वर तारीख तिनेच घातली आहे.